घोडीवरची रेघ

“...आणि मी गेलो, तर तुमच्या तंबोऱ्यांची जवारी कोण लावणार, चाचा?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. कापलेल्या भोपळ्याची कड ते कानशीने घासत बसले होते. खर्र, खर्र. मग कडेवरून बोट फिरवायचं, फुंकर मारायची, पुन्हा खर्र.

रामलिंगने आवाज चढवून तोच प्रश्न पुन्हा विचारला.

“ऐकलं की मघाशीच,” चाचा म्हणाले. “बोललेलं येतंय मला ऐकायला.”

ते खरं होतं. बोललेलं त्यांना ऐकू यायचं. चहावाल्याची हाक ऐकू यायची, मशिदीतली अजान ऐकू यायची. दोन वर्षांमागे कानातून गेली ती फक्त बारीक गुंज. आणि तंबोरा करणाऱ्या माणसाला नेमकी तीच लागते.

मिरजेच्या त्या गल्लीत ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी तोंडावर बोलत नव्हतं.

जवारी ज्यांनी पाहिली नाही त्यांना थोडक्यात सांगायला हवं. तंबोऱ्याच्या चार तारा हाडाच्या ज्या चपट्या तुकड्यावरून जातात, ती घोडी. ती घासून अशी उतरवायची की तार तिच्यावर टेकली आहे असंही वाटावं आणि सुटली आहे असंही. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा तुकडा सरकवायचा. तो केसभर पुढेमागे झाला की इतका वेळ टण्ण करून गप्प होणारी तार भरून येते, गुंजायला लागते. ती केसभर जागा सापडली की म्हणायचं, जवारी लागली. कुणाला ती चार मिनिटांत सापडते, कुणाला जन्मभर सापडत नाही.

रामलिंगला चार मिनिटंही लागत नसत.

गेली दोन वर्षं चाचांच्या प्रत्येक तंबोऱ्याला शेवटचा दोरा त्यानेच लावला होता. नाव चाचांचं, कान रामलिंगचा. गल्लीतली माणसं असं म्हणायची आणि त्याला ते आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं.

“मुंबईवाल्यांना सोमवारी कळवायचंय,” तो म्हणाला. “येतो का न्हाई ते.”

खर्र, खर्र.

“मोठं दुकान हाय, चाचा. मोठमोठे गवई तिथं वाद्यं घेऊन येतात. कामावर माझं नाव लागणार. बारा महिने काम हाय. इथं काय, सहा महिने काम आणि सहा महिने वाट बघायची.”

“मग?”

“मग काय... महाग किती हाय ते शहर. एक खोली. तिच्यातच चूल, तिच्यातच अंथरूण. आणि भाडं असं सांगतात की तेवढ्यात इथं दोन घरं चालतील. रेणुका म्हणती, तुम्ही ठरवा. सामान बांध म्हणाला तर बांधते, सोड म्हणाला तर सोडते.”

“बायको शहाणी हाय तुझी.”

“मी ठरवलंय, चाचा.” रामलिंगने एक मोठा श्वास घेतला. हे वाक्य तो मुंबईहून निघाल्यापासून घोळवत होता. “मी जात न्हाई. तुम्हाला असं टाकून मला जायचं न्हाई.”

कानस थांबली.

चाचांनी पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“माझ्यासाठी राहतोस?”

“व्हय.”

वाऱ्याची झुळूक आली. वर आढ्याला टांगलेले भोपळे एकमेकांवर हलकेच आपटले. ठक्, ठक्.

तो आवाज ऐकला की रामलिंगला नेहमी तोच दिवस आठवायचा.

तेरा वर्षं झाली. भीमेकाठी रामलिंगच्या घरचा मळा होता. वडील तंबोऱ्याचे भोपळे पिकवायचे. माणसाने तोंडात घातला तर थुंकून टाकावा असा हा कडू भोपळा, पण वाळला की टणक होतो. एका वर्षी वडिलांची कंबर धरली म्हणून टेम्पोबरोबर एकोणीस वर्षांचा रामलिंग आला. माल उतरवायचा आणि त्याच टेम्पोने परत जायचं, एवढंच काम होतं.

चाचा दारात बसून एकेक भोपळा बोटाच्या पेराने वाजवून घेत होते. हा चांगला, हा ठीक, हा तुझ्या बापाला परत दे. आणि आत कुणीतरी एक तंबोरा जुळवत होतं.

आपल्या मळ्यातल्या भोपळ्याच्या पोटात असं काही असतं, हे त्याला तोवर माहीतच नव्हतं. त्याने तंबोरा कधी पाहिला नव्हता. मळ्यात भोपळा मोजायचा, रचायचा, टेम्पोत भरायचा. इथे तो बोलत होता.

तो पायरीवर बसला. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. रामलिंग म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागनं.”

तो तेरा वर्षांत मागून गेलाच नाही.

त्या दिवशी दुपारी चाचींनी त्याच्यापुढे भाकरी आणि डाळकांदा ठेवला. कोण, कुठला, किती दिवस राहणार, असलं काही विचारलं नाही. फक्त म्हणाल्या, तिखट चालतं ना रे? चाचींना जाऊन आता चार वर्षं झाली. पण दुपारचे दोन वाजले की अजूनही त्याचं लक्ष आतल्या दाराकडे जायचं. आजही गेलं होतं.

किती साध्या गोष्टी होत्या. लाखेचा आणि लाकडाच्या भुशाचा तो वास, जो धुतलेल्या सदऱ्यातूनही जायचा नाही. संध्याकाळी गल्लीतल्या घराघरांतून येणारा षड्ज, कुणाचा वर, कुणाचा खाली, एकाशी एक न जुळणारा. पावसाळ्यात सरस वाळत नाही म्हणून सगळ्यांची मिळून होणारी कुरकुर. त्या वेळी त्यात विशेष काही आहे असं वाटलंच नव्हतं.

मुंबईच्या त्या दुकानात आठ दिवस काम करून बघितलं तेव्हा हे सगळं एकसारखं आठवत होतं.

“आज ते काय आणलंयस?” चाचांनी हनुवटीने कोपऱ्याकडे दाखवलं.

भिंतीला टेकून एक तंबोरा उभा होता. अंगावर निळ्या कापडाची गवसणी होती.

“तिथलाच हाय. आठ दिवस मला ह्याच्यावरच बसवलं होतं. जुना हाय, चांगला हाय. म्हणाले, घेऊन जा, राहिलेलं काम घरी करा, कामावर येताना आणा.” रामलिंग जरा थांबला. “न्हाई आलात तर पाठवून द्या, असंही म्हणाले.”

“खोल.”

रामलिंगने गवसणी काढली. प्रवासासाठी तारा उतरवलेल्या होत्या. त्याने मांडी घालून त्या चढवल्या, खुंट्या पिळल्या, बारीक सुरासाठी तारांतले मणी सरकवले. मग घोडीवर वाकून एकेक दोरा नखाने हलवला. चाचा बघत होते, आणि ते बघत असले की त्याचा हात जास्तच छान चालायचा.

तारा गुंजल्या. अगदी गोल, भरलेल्या.

“कसा वाटतो?” असं विचारून रामलिंगने जीभ चावली. ज्याला ऐकू येत नाही त्याला काय विचारायचं.

चाचांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी हात पुढे केले.

“आण इकडं.”

त्यांनी तंबोरा मांडीवर आडवा घेतला आणि एकामागून एक चारही दोरे ओढून काढले.

लागलेली जवारी अशी कुणी उपटून टाकतं का? रामलिंग काही बोलणार होता, पण चाचा घोडीकडे टक लावून बघत होते. तारा बाजूला सारून त्यांनी खाली पाहिलं. डोळे बारीक केले.

मग त्यांनी डब्यातलं दोऱ्याचं रीळ घेतलं, चार तुकडे तोडले आणि तारांखाली सरकवले. तंबोरा उभा केला. भोपळा मांडीत, दांडी खांद्याशी. आणि मान वाकडी करून आपली हनुवटी दांडीवर घट्ट टेकवली.

डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट तार छेडू लागलं. डावा हात खाली घोडीवर दोरा चाचपत राहिला.

टण्ण.

टण्ण.

दोरा मुंगीच्या पावलाने पुढे जात होता. हनुवटी हलत नव्हती. रामलिंगला आधी कळेना हे काय चाललंय. मग चाचांच्या जबड्याची शीर तारेबरोबर थरथरताना दिसली आणि त्याच्या ध्यानात आलं. कानाने जे ऐकू येत नव्हतं ते चाचा हाडाने ऐकत होते.

पहिली तार उघडली. मग मधल्या दोन्ही जोडीच्या तारा. मग शेवटची, खर्जाची.

असा आवाज रामलिंगने ह्या तंबोऱ्यातून आठ दिवसांत काढला नव्हता. खोलीत कोणीतरी नुकतंच येऊन बसलंय असं वाटावं इतका तो भरून राहिला. वरच्या रिकाम्या भोपळ्यांतूनसुद्धा बारीक उत्तर येत होतं.

त्याला आनंद व्हायला हवा होता. झालासुद्धा. पण त्याआधी त्याला राग आला.

“हे कधीपासनं, चाचा?”

“काय?”

“हे... हनुवटी लावून.”

“कान गेल्यापासनं. दोन वर्षं झाली की.”

“मग मला कशाला सांगत होता जवारी लावायला?”

चाचा हसले. त्यांचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे हसू जरा जास्तच मोकळं वाटायचं.

“मी कुठं सांगत होतो? तूच माझ्या मांडीवरनं तंबोरा काढून घ्यायचास. द्या चाचा, मी बघतो. द्या चाचा, तुम्ही दमलाय.”

रामलिंगला आठवलं. एकदा नाही, दरवेळी असंच झालं होतं. त्याचे कान तापले.

“मग म्हणायचं तरी, की मला येतंय म्हणून.”

“कशाला म्हणू? मला बरं वाटायचं.”

“काय बरं वाटायचं?”

“तुझं तोंड बघायला.” चाचा तंबोऱ्याच्या दांडीवरून हात फिरवत होते. “जवारी लागली की तुझं तोंड उघडं राहतंय. माशी जाईल एवढं. तेवढ्यावरनं कळायचं मला, लागली म्हणून. हनुवटी लावायला नको, काही नको. आणि थंडीत दांडी फार गार लागती रे. आता लावीन हनुवटी. त्याला काय झालं.”

रामलिंगने मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते चाचांना दिसू नये असं त्याला वाटत होतं. राहण्यासाठी त्याच्याजवळ एकच भक्कम कारण होतं. म्हाताऱ्याने हनुवटी टेकवून ते काढून घेतलं होतं.

बाहेर चहावाला येऊन दोन पेले पायरीवर ठेवून गेला. दोघांनी चहा घेतला. चाचांनी नेहमीसारखा अर्धा बशीत ओतून घेतला.

“आता एक सांग,” बशी खाली ठेवत ते म्हणाले. “घोडीवर ह्या रेघा कुणी मारल्या?”

रामलिंगच्या हातातला पेला तिथेच राहिला.

त्याने पुसल्या होत्या. निघायच्या आदल्या दिवशी कापसाचा बोळा भिजवून नीट पुसल्या होत्या. पण तारांखाली बोळा पोचला नसणार. घोडीच्या पांढऱ्या हाडावर, दोऱ्याच्या आजूबाजूला, पेन्सिलीच्या केसासारख्या बारीक रेघा अजून होत्या.

“एक, दोन...” चाचांनी नखाने दाखवल्या. “पाच हायत.”

रामलिंगच्या कानामागे पेन्सिल होती. सुताराची लाल चपटी पेन्सिल. मिरजेत आल्यापासून ती तिथेच असायची, त्यावरून गल्लीत चेष्टा व्हायची, पण सवय काही गेली नव्हती. आता त्याचा हात आपोआप तिकडे गेला आणि मध्येच खाली आला.

रेघेची गोष्ट त्या दोघांनाच माहीत होती.

तेरा वर्षांपूर्वी, पहिल्याच महिन्यात, रामलिंगला एक युक्ती सुचली होती. दिवसभर डोकं फोडून एकदाची दोऱ्याची जागा सापडली, की तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवायची. दुसऱ्या दिवशी शोधायला नको. दोरा रेघेवर आणला की झालं. एवढी सोपी गोष्ट इतक्या वर्षांत कुणाला कशी सुचली नाही, याचं त्याला नवल वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दोरा रेघेवर आणला, तर तार ठणठणीत कोरडी. हवा बदललेली, तार जरा उतरलेली, लाकूड जरा फुगलेलं. जागा केसभर सरकलेली.

चाचा रागावले नव्हते. त्यांनी अंगठा जिभेला लावला, रेघ पुसली आणि निघून गेले. रामलिंगने पुन्हा मारली. त्यांनी पुन्हा पुसली. महिनाभर हा खेळ चालला, एक शब्द न बोलता. मग एका सकाळी रामलिंगने रेघ मारली नाही. त्या दिवशी चाचींनी शेवयांची खीर केली होती. ती त्यासाठीच होती का, हे त्याने कधी विचारलं नाही.

“मीच मारल्या,” तो म्हणाला.

“तेरा वर्षांनी?”

“चाचा, तिथली हवाच वेगळी हाय. समुद्र हाय ना. सगळं ओलं. पहिल्या दिवशी मला जवारी सापडेचना. मला.” ते ‘मला’ त्याने दोनदा म्हटलं आणि त्यालाच ते ऐकवेना. “सगळे बघत होते. मिरजेचा माणूस आणलाय म्हणून. संध्याकाळी कशीतरी सापडली, तर भीतीनं रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुकली. मग दुसरी मारली.”

“मग तिसरी.”

“व्हय. पाच दिवस. आठ दिवसांत मला कुणी रामलिंग म्हणून हाक मारली न्हाई. मिरजवाले, मिरजवाले. खोलीवर आलो की भिंतीकडं तोंड करून पडायचो. इथल्या भोपळ्यांचा आवाज आठवायचा.” तो थांबला. “मला भ्या वाटलं, चाचा. खरं सांगायचं तर तेच हाय. मला भ्या वाटलं.”

“मग माझं नाव कशाला पुढं केलंस?”

चाचांच्या आवाजात राग नव्हता. चहात साखर जास्त झाली का, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं होतं.

रामलिंगने खांद्यावरचा पंचा काढला, त्याचं टोक तारांखाली घातलं आणि रेघा पुसायला लागला.

चाचांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे.”

“तुम्हीच तर पुसायचा.”

“पाच दिवस, पाच रेघा. पण तू आठ दिवस होतास.” चाचांनी मनगट सोडलं नाही. “सहाव्या दिवशी?”

“सहाव्या दिवशी न्हाई मारली.”

“का?”

रामलिंग विचार करू लागला. त्याला स्वतःलाच ते नीट आठवत नव्हतं.

“कंटाळलो होतो. म्हटलं, नाहीतरी उद्या चुकणारच. गेलो, बसलो, ऐकत राहिलो. खाली रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या, त्यांच्यातनंच ऐकत राहिलो.”

“लागली?”

“...लागली.”

“सातव्या दिवशी?”

“लागली. दुपारपर्यंत वेळ गेला, पण लागली.”

“आठव्या?”

आठव्या दिवशी जवारी लागायला चार मिनिटं लागली होती. हे रामलिंगच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी तो परतीच्या गाडीचा विचार करत होता, घरी जायला मिळणार म्हणून मनात गुदगुल्या होत होत्या आणि हात आपलं काम करून मोकळे झाले होते.

चाचांनी मनगट सोडलं.

झुळूक पुन्हा आली. वर ठक्, ठक् झालं. रामलिंगने मान वर करून भोपळ्यांकडे पाहिलं. त्यातले पुढच्या रांगेतले चार त्यांच्या मळ्यातले होते, वडिलांच्या शेवटच्या पिकातले. वडील आता नव्हते. मळा भावाने उसाखाली आणला होता. जिथून तो आला होता ते गावही आता तसं उरलं नव्हतं. आणि ही गल्ली तरी कुठे तशी उरली होती? चाची नाहीत. संध्याकाळी आता सगळ्या घरांतून षड्ज येत नाही, तीन-चार घरांतून येतो. जे सोडायला त्याचा जीव तुटत होता त्यातलं अर्धं आधीच निघून गेलं होतं, त्याला न विचारता.

हे कळल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही. उलट सगळंच एकदम फार प्रिय वाटायला लागलं. कोपऱ्यातला तो काळा पडलेला सरसाचा डबासुद्धा.

“चाचा,” तो म्हणाला, “तुम्ही एकदा सांगा. जा म्हणा, न्हाईतर राहा म्हणा. तुम्ही म्हणाल तसं करतो. मग मला पुन्हा विचार करायला नको.”

चाचांनी भोपळा पुन्हा मांडीवर घेतला. कानस उचलली.

“भोपळे घेऊन आलास त्या दिवशी पायरीवर बसलास. कुणाला विचारलं होतंस?”

“कुणालाच न्हाई.”

“दुसऱ्या दिवशी सकाळी?”

रामलिंग हसला. त्या सकाळी त्याने काय केलं होतं ते दोघांनाही आठवत होतं. तो पिशवी घेऊन एसटी स्टँडवर गेला होता, बाकावर बसला होता आणि दोन गाड्या सोडून परत आला होता. पहिले तीन-चार महिने दर आठवड्याला एकदा तरी तो स्टँडवर जाऊन यायचा. चाचींनी त्या फेऱ्यांना ‘रामलिंगची हवा खायची वेळ’ असं नाव ठेवलं होतं.

“मग सोमवारी काय कळवू त्यांना?”

“आज शनिवार हाय.”

“व्हय, पण...”

“आजची रेघ सोमवारी चुकती. सोमवारी सकाळी ऐक. मग कळव.”

खर्र, खर्र.

आता ह्यापुढे काही मिळणार नाही, हे तेरा वर्षांच्या अनुभवाने रामलिंगला ठाऊक होतं. तो उठला. मुंबईच्या तंबोऱ्यावर त्याने गवसणी चढवली. घोडीवरच्या पाच रेघा तशाच ठेवल्या. तंबोरा उचलला, मग पुन्हा खाली ठेवून चाचांच्या पायांना हात लावला. रोज लावायचा तसाच, पण आज हात जरा जास्त वेळ तिथे राहिला.

चाचांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हात तसाच घसरत कानापाशी आला आणि कानामागची पेन्सिल घेऊन गेला.

“चाचा, पेन्सिल...”

चाचा उठले होते. गुडघ्यावर हात टेकत, भिंतीशी गेले. तिथे खुंटीला कालच पुरा झालेला तंबोरा टांगलेला होता. त्याचा दोरा रामलिंगने लावला होता. काल मुंबईहून आल्याआल्या, पिशवीसुद्धा न ठेवता, द्या चाचा, मी बघतो, असं म्हणून लावला होता.

चाचांनी तो खाली घेतला. तारा बोटाने बाजूला केल्या. डोळे बारीक करून, पेन्सिल ओलावून, रामलिंगच्या दोऱ्याला लागून घोडीवर एक बारीक रेघ ओढली.

रामलिंग बघतच राहिला. ज्या माणसाने महिनाभर अंगठ्याने रेघा पुसल्या, तो रेघ मारत होता. आणि श्वास धरून, फार जपून मारत होता.

“चाचा, उद्या ती चुकीची ठरंल,” तो हळूच म्हणाला. मग त्यांना ऐकू गेलं नसेल म्हणून मोठ्याने म्हणाला, “उद्या तिथं जवारी लागायची न्हाई.”

चाचांनी रेघेवर फुंकर मारली. तंबोरा पुन्हा खुंटीला टांगला आणि पेन्सिल आपल्या कानामागे अडकवली.

“न्हाई लागू दे,” ते म्हणाले. “जवारीसाठी मारली न्हाई मी.”